शशीदादांचं नाक

शशीदादांनी मला पहिल्यांदा झापलं ते हाताला लावायच्या क्रीमवरून. २०१३ सालचा हिवाळा होता. आम्ही पुण्याहून हॅमिल्टनला येऊन थोडेच महिने झाले होते. नितीनला, माझ्या नवऱ्याला, सॉफ्टवेअरमधलं काम होतं आणि मला शहराबाहेर, ते रापा नावाच्या भागापलीकडे, एका दूध पावडरच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. पहिल्याच सकाळी एक उंच, जरासे वाकलेले, पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. त्यांनी मान वर करून दोनदा हवा हुंगली आणि सरळ मराठीत म्हणाले, "लॅव्हेंडर आहे. उद्यापासून हे लावून यायचं नाही." मी मराठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, डब्यात गोडा मसाला आहे. डबा बंद होता, पिशवीत होता आणि पिशवी खुर्चीखाली होती.

शशिकांत राऊत. मूळचे माहीमचे. मुंबईत एका डेअरीत उमेदवारी करून ते बऱ्याच वर्षांपूर्वी इकडे आले होते. आमच्या कारखान्यात ते मुख्य ग्रेडर होते. म्हणजे काय ते सांगायला हवं. पावडरीच्या प्रत्येक घाण्यातला नमुना कोमट पाण्यात कालवून त्याचं दूध करायचं आणि चार-पाच जणांनी ते वेगवेगळ्या छोट्या कप्प्यांत बसून चाखायचं. कप्प्यात लाल दिवा, कारण दुधाच्या रंगाकडे लक्ष जाऊ नये. नंतर सगळ्यांनी टेबलाशी बसून बोलायचं. जंतू किती, स्निग्धांश किती, हे यंत्रं सांगतात. पण दुधाला करपट वास आहे का, गवताचा आहे का, ओल्या पुठ्ठ्याचा आहे का, हे माणसाचं नाकच सांगतं. आणि त्या टेबलाशी शेवटचा शब्द शशीदादांचा. तिथली पोरं त्यांना 'द नोज' म्हणायची. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

माणूस भारी काळजीखोर. त्यांचा फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नसत, 'काय झालं?' म्हणत. घरातून निघाल्यावर गॅरेजचं दार लागलंय का हे बघायला कोपऱ्यावरून परत जात. लंचरूममध्ये कुणी खोकलं तरी यांची मान वळायची. मेधावहिनींनी, त्यांच्या बायकोने, मला एकदा सांगितलं की इरा तान्ही असताना हे रात्रभरात उठून उठून तिच्या टाळूचा वास घ्यायचे. ताप यायच्या आधी टाळूचा वास बदलतो, असं त्यांचं म्हणणं. वहिनी हसून म्हणाल्या, आणि दोनदा खरंच निघाला ताप, त्यामुळे मला बोलताही येईना.

अशा माणसाने घरी बिअर बनवावी, याचं मला आधी नवल वाटायचं. शेजारच्या रॉस नावाच्या निवृत्त सुताराने त्यांना ती शिकवली होती. दादा स्वतः फार तर अर्धा ग्लास घ्यायचे. त्यांना पिण्यात रस नव्हता, टिकवण्यात होता. ते म्हणायचे, "बनवायला काय, कुणालाही जमते. ठेवायला जमली पाहिजे." घरची बिअर बाटल्यांत भरली की दर बाटलीमागे एक धोका, आणि मोठ्या पिंपात भरली की सगळा धोका एकाच ठिकाणी. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता, छोटे केग. स्टीलचे, आपल्याकडच्या दूधवाल्याच्या लहान कॅनएवढे. एक बिघडला तर बाकीचे वाचतात आणि फोडलेला केग आठवड्याभरात संपतो, अर्धवट रिकामा पडून राहत नाही.

त्या केगांचं कौतुक मी त्यांच्या गॅरेजमध्ये बसून कितीदा तरी पाहिलं. आधी झाकण, झडपा, नळ्या, रबराच्या रिंगा, सगळं सुटं करायचं. गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून ते भिजवायचं, ब्रशने घासायचं, मग जंतू मारायच्या पाण्यातून काढायचं. फडक्याने पुसायचं नाही, कारण फडकं म्हणजे जंतूंची धर्मशाळा. नंतर केग त्याच पाण्याने काठोकाठ भरायचा आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडून ते पाणी दुसऱ्या नळीने बाहेर ढकलायचं. म्हणजे आत हवा राहतच नाही, नुसता गॅस. मग बिअर तळापासून हळूहळू वर भरायची, फेस न करता. शेवटी झाकणावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं आणि केग फ्रिजमध्ये. हे सगळं झाल्यावर ते नळीच्या टोकाशी नाक नेऊन डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, "आहे." म्हणजे ठीक आहे.

वहिनी इथल्या एका बालवाडीत शिकवायच्या. त्यांना बिअरचा वासही सहन व्हायचा नाही. त्या म्हणायच्या, "इरा मोठी झाली तरी आमच्या घरातलं बाळंतपण काही संपत नाही बघ. नळ्या उकळा, बाटल्या उकळा, हळू बोला."

हे असं तीन वर्षं चाललं. मग २०१६च्या हिवाळ्यात दादांना फ्लू झाला. आठवडाभर ते घरी होते. परत आले तेव्हा जरा उतरलेले दिसले, पण फ्लूनंतर कोण उतरत नाही? मला पहिली शंका आली ती लंचरूममध्ये. कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये माशाचा रस्सा ठेवून विसरलं होतं आणि तो पार करपला. इतका घाण वास सुटला की लोक डबे घेऊन बाहेर पळाले. मी दारातून मागे वळून पाहिलं, तर शशीदादा एकटेच टेबलाशी बसून शांतपणे पोळीभाजी खात होते. हे सगळे का उठले, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनीही घाईघाईने डबा बंद केला आणि बाहेर आले, नाकाला रुमाल लावून. तो रुमाल मला खटकला. त्यांना नाकाला रुमाल लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला गाडीपाशी थांबवलं आणि खिशातून औषधाची असते तशी एक लहान बाटली काढली. केगमधली बिअर होती. वास घे आणि काय येतं ते सांग, म्हणाले. मला वाटलं माझी परीक्षा घेतायत, कारण मला चाखणाऱ्यांच्या पॅनलवर घ्यायचं मधूनमधून बोललं जायचं. मी सांगितलं, पावासारखा वास आहे, थोडा संत्र्याच्या सालीसारखा. आणखी? आणखी काही नाही. आंबूस? पुठ्ठा? लोणी? नाही, मी म्हटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाटलीतली बिअर तिथेच गवतावर ओतून टाकली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. चौथ्या-पाचव्या वेळी मी वैतागून म्हटलं, दादा, तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट कळतं, मग मला का विचारता? ते गाडीच्या दाराला टेकले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाले, "मला येत नाही, स्वाती."

मला कळलं नाही. काय येत नाही?

"वास. फ्लूनंतर गेला. काहीच येत नाही. कॉफी नाही, कांदा नाही, काही नाही."

आज वास जाणं म्हणजे काय हे जगाला माहीत आहे. तेव्हा नव्हतं. मलाही ती गोष्ट सर्दीसारखीच वाटली. मी म्हटलं, येईल की परत. डॉक्टरही तेच म्हणाले होते. काही आठवड्यांत येईल, काही महिन्यांत येईल, क्वचित कुणाचा येतही नाही. नाकात मारायचा एक स्प्रे दिला होता. दादांना त्या वाक्यातलं शेवटचंच ऐकू आलं होतं.

आणि पॅनलचं काय, मी विचारलं. ते गाडीत बसले आणि निघून गेले. मग मी टेबलाशी त्यांच्याकडे बघायला लागले, आणि मला दिसलं. पूर्वी ते सगळ्यांच्या आधी बोलायचे. आता शेवटी बोलायचे. जेस काय म्हणते, टिपेने नावाचा पोरगा काय म्हणतो, हे ऐकून घ्यायचे, त्यांचे चेहरे बघायचे आणि मग मान डोलावून तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगायचे. ती दोघं तरुण पोरं दादांच्याच हाताखाली तयार झालेली. त्यांना वाटायचं, सर आपल्याला पुढे आणतायत. मी लॅबमधून नमुने घेऊन जायचे आणि दादांची नजर टाळायचे. यंत्रांच्या चाचण्या सगळ्या होत होत्या, त्यामुळे कुणाला अपाय होईल असं काही नव्हतं. पण ती पावडर लहान मुलांच्या दुधाच्या डब्यांत जायची, आणि कागदावर सही शशिकांत राऊत यांची.

मी एकदा म्हटलं, सांगून टाका ना कॅरनला. कॅरन आमची मॅनेजर, तशी समजूतदार बाई. ते म्हणाले, या महिनाअखेर बघतो. मग म्हणाले, ख्रिसमसपर्यंत बघतो. पंचवीस-तीस वर्षं या माणसाने एकच काम केलेलं. त्या नाकावर तो या देशात आला, नाकावर घर घेतलं. नाक नाही म्हटल्यावर आपण कोण, हे त्यांना समजत नव्हतं, आणि मलाही समजावता येत नव्हतं.

घरी इराला आपोआप कळलं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. गॅसवर दूध ठेवलेलं आणि दादा शेजारच्याच खुर्चीवर फोनमध्ये काहीतरी वाचत बसलेले. दूध उतू गेलं, आटलं, भांडं काळं पडलं. इरा आपल्या खोलीतून धावत आली आणि म्हणाली, "डॅड, कान्ट यू स्मेल दॅट?" ते तिच्याकडे बघत राहिले. इरा तेव्हा सतरा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर नेहमी इंग्रजीत. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि नंतर कितीतरी दिवस ती बाबा एकटे असताना घराबाहेर पडायची नाही. मैत्रिणींना काहीतरी कारण सांगायची. दादांनी घरात प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म बसवला. वहिनी मला म्हणाल्या, घरात फोडणी करायची चोरी झालीय, जिरं टाकलं की चारही अलार्म ओरडतात आणि हा माणूस खूश होतो.

बिअर बंद करा, असं त्यांना घरच्यांनी आणि मीही सांगितलं. त्यांनी उलटंच केलं. बिघडलेलं आपल्याला कळणार नाही, तर बिघडूच द्यायची नाही. रबराच्या रिंगा पूर्वी दिसायला खराब झाल्या की बदलायचे, आता प्रत्येक वेळी नव्या. नळाची तोटी रोज खोलून धुवायचे. गॅरेजमधल्या फ्रिजवर थर्मामीटर, केगवर प्रेशरचा काटा. आणि नाक नाही म्हणून कान. केगच्या झाकणाला कान लावून ते मिनिटभर स्तब्ध उभे राहायचे, कुठे बारीक फुसफुस येते का ते ऐकत. मी एकदा आत शिरले तेव्हा ते तसेच उभे होते, वाकून, डोळे मिटून, आणि मला इरा तान्ही असतानाची ती टाळूची गोष्ट आठवली. मी पाय न वाजवता परत फिरले.

त्या दिवशी चहा घेताना ते आपणहून एकदाच बोलले. जेवण आता गरम-गार आणि मऊ-कडक एवढंच उरलंय, म्हणाले. त्याचं फारसं काही नाही. पण घरात शिरलं की घर आपलं वाटत नाही. कुणाच्या तरी नीटनेटक्या घरात पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटतं. मेधा शेजारून गेली तरी कळत नाही ती गेली. एवढं बोलून त्यांनी कपबशी उचलली आणि धुवायला नेली.

फेब्रुवारीत इरा युनिव्हर्सिटीसाठी डनेडिनला निघाली. तिला निरोप म्हणून त्यांनी मागच्या अंगणात बार्बेक्यू ठेवला. इकडचा उन्हाळा, कडक ऊन होतं. बिअरचे तीन केग काढायचे ठरले होते. दोन केगांचा वास मी आदल्या दिवशी घेऊन ठेवला होता. तिसरा बंदच होता. एकाच दिवशी, एकाच घाण्यातला भरलेला, त्यामुळे त्याची काळजी नाही, असं दादाच म्हणाले. असं ते सहसा म्हणत नसत.

आम्ही पोचायला उशीर केला. नितीनची मीटिंग लांबली होती. अंगणात शिरले तेव्हा बरीच मंडळी जमली होती. शेजारचा रॉस होता, जेस आणि टिपेने होते, आमच्या मराठी मंडळातली दोन-तीन कुटुंबं होती. दादा जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून ग्लास भरभरून देत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, कशी आहे. इथले लोक त्यांना शॅश म्हणत. येह, गुड, शॅश. लव्हली, शॅश. आपली माणसंही, मस्त आहे हो दादा, म्हणत होती. पण मला काहीतरी विचित्र दिसलं. कुंपणाच्या कठड्यावर भरलेले ग्लास ओळीने ठेवलेले होते. हायड्रेंजियाच्या झुडपामागे दोन. रॉसच्या हातातला ग्लास काठापर्यंत भरलेला आणि त्याच्या पायाजवळचं गवत ओलं.

दादांनाही दिसत होतं. नाक गेल्यापासून त्यांची नजर फार तीक्ष्ण झाली होती. ते एकेका ग्लासाकडे बघत होते, मग माणसाच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा विचारत होते. कशी आहे? गुड, शॅश. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता. मला पाहिल्यावर ते जवळजवळ धावत आले आणि माझ्या हातात ग्लास दिला. तोंडाशी न्यायच्या आधीच मला कळलं. व्हिनेगर, आणि त्याखाली ओल्या मोज्यासारखं काहीतरी. सगळं अंगण आमच्याकडे बघत होतं. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या लोकांसमोर कसं सांगायचं ते मला सुचेना.

माझ्या हातातून ग्लास इराने घेतला. तिने वास घेतला, एक घोट घेतला आणि बाबांच्या जवळ जाऊन, हळू आवाजात, मराठीत म्हणाली, "बाबा, आंबलीय ती. सगळ्यांना कळलंय."

तिच्या मराठीतलं 'ळ' नीट उमटलं नव्हतं. दादा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. ते रागावले नाहीत. त्यांनी केगचा गॅस बंद केला, नळी काढली आणि मग सगळ्या अंगणात फिरून प्रत्येकाच्या हातातला ग्लास परत घेतला, सॉरी म्हणत. कठड्यावरचेही घेतले. झुडपामागचे तर इतक्या सहज काढले, जणू त्यांनीच तिथे ठेवले होते. रॉस म्हणाला, असं आमचंही होतं मेट, चालायचंच. बाकीचे दोन केग लागले, मांस भाजलं गेलं, इराच्या मैत्रिणी नाचल्या. पार्टी छानच झाली. दादा मात्र गॅरेजमध्ये उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून तो बिघडलेला केग सुटा करत होते. झाकणाची रिंग त्यांनी उजेडात धरून ताणली. नवी कोरी रिंग, आणि तिलाच केसाएवढी चीर होती.

मी दारात उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेस आणि टिपेने रोज दुधात खोट काढतात. तोच त्यांचा धंदा. आज माझ्या तोंडावर नाही काढली. का? मी त्यांचा बॉस म्हणून. मग तिकडे टेबलाशी तरी काढत असतील कशावरून?"

गेले कित्येक महिने त्यांनी ज्या दोन चेहऱ्यांवर भार टाकला होता, ते चेहरे त्यांच्याशी सभ्यपणे वागत होते, एवढंच त्यांना त्या दुपारी कळलं होतं.

सोमवारी सकाळी ते कॅरनच्या खोलीत गेले. दार बराच वेळ बंद होतं. बाहेर आले ते थेट डबा घेऊन घरी गेले. मग फ्लूपासूनच्या प्रत्येक घाण्याचे राखून ठेवलेले नमुने बाहेर काढायचं ठरलं. दुसऱ्या कारखान्यातले ग्रेडर बोलावून ते सगळे पुन्हा चाखायचे. तोवर दादांनी घरी थांबायचं.

ते दिवस वाईट गेले. मला रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. आज कुठपर्यंत आले, एवढंच विचारायचे. मला फारसं सांगता यायचं नाही, नियम होता, आणि ते जास्त विचारायचेही नाहीत. पण फोन ठेवायचेही नाहीत. वहिनी म्हणाल्या, दिवसभर केग खोलतो आणि जोडतो, आत काही भरत नाही. रिकाम्या केगला कान लावतो. मी काही बोलले तर म्हणतो, एखाद्या पोराने त्या डब्यातलं दूध नको म्हणून तोंड फिरवलं असेल आणि त्याच्या आईने त्याला दटावलं असेल. इरा डनेडिनहून रोज फोन करायची आणि बाबांशी आता मराठीतच बोलायची, तोडकंमोडकं. त्यांना एवढाच आधार होता.

शेवटी निकाल आला. एका घाण्यात करपट वासाची किंचित छटा होती, ती जेसने तेव्हाच लिहिलेली होती आणि ती चालण्यासारखीच होती. बाकी सगळं स्वच्छ. पोरं खरं बोलत होती. कॅरनने स्वतः दादांना फोन केला. तिनेच मला नंतर हसत सांगितलं की सगळं ऐकून घेतल्यावर दादांनी तिला विचारलं, तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना? मग तिने पूर्ण रिपोर्ट ओळ न् ओळ वाचून दाखवला.

पॅनलवर ते परत आले नाहीत. त्यांना कारखान्याच्या स्वच्छतेच्या कामावर घेतलं, पाइप आणि टाक्या धुण्याची देखरेख. लोक म्हणाले, हे तर त्यांच्या आवडीचं. मला तसं दिसलं नाही. गमबूट घालून ते कॉरिडॉरमधून जायचे तेव्हा चाखायच्या खोलीच्या दाराशी त्यांची पावलं हळू व्हायची. कधी जेस बाहेर येऊन काही विचारायची, ते सांगायचे आणि पुढे जायचे.

वर्षभर त्यांनी बिअर केली नाही. नंतर केली तेव्हा घरात एक नवीनच गोष्ट झाली होती. वास घ्यायला वहिनी बसल्या होत्या. ज्या बाईला बिअरचा वास सोसत नव्हता ती पदर खोचून गॅरेजमध्ये उभी राहून सांगत होती, ही पुठ्ठ्यासारखी येतेय, ही बरी आहे, हिला खोबरेल तेलासारखं काहीतरी. दादा तिच्याशी वाद घालायचे, खोबरेल कसं असेल, नीट घे. त्या म्हणायच्या, नाक माझं आहे, तुमचं नाही. मग ते पुढचा ग्लास पुढे करायचे. दुपारभर त्यांचं हे चालायचं.

आणि मग, फ्लूला दोनेक वर्षं झाल्यावर, एका सकाळी दादांचा फोन आला. यावेळी 'काय झालं' मीच विचारलं. म्हणाले, कॉफीला जळक्या टायरचा वास येतोय. मी घाबरले. ते म्हणाले, "अगं येतोय. घाण का होईना, येतोय." कांद्याला रॉकेलचा वास, टूथपेस्टला कुजक्या कोबीचा. सगळं चुकीचं यायचं, आणि त्यातलं काही अजून तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, चुकीचं का होईना येतंय हे चांगलं लक्षण. वहिनींनी मात्र आपली जागा सोडली नाही. त्यांच्या नाकावर विश्वास कसा ठेवणार, म्हणाल्या.

२०१९ मध्ये नितीनला वेलिंग्टनला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या जॉन्सनव्हिल उपनगरात राहायला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ती दोघं आमच्याकडे आली. दादांच्या हातात एक छोटा केग होता, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला. ते काही बोलायच्या आत वहिनींनी मला सांगून टाकलं की ही जरा तुरट झालीय, मी यांना म्हटलंय, तरी द्यायची म्हणतायत, तुला न्यायची तर ने. दादा म्हणाले, ऐकलंस ना, मग पोचल्यावर खरं काय ते कळव. मी घेतला. त्यांनी तो मागच्या सीटवर उभा ठेवून त्याला सीटबेल्ट लावला, तो ओढून पाहिला, ऊन कुठल्या खिडकीतून येईल त्याचा विचार करून पुन्हा दुसऱ्या बाजूला लावला.

ती बिअर आम्ही त्या आठवड्यात नव्या घरात खोक्यांवर बसून संपवली. तुरट होती, आणि मी फोन करून तसं सांगितलं. त्यांनी लगेच वहिनींना हाक मारून सांगितलं की तू म्हणालीस ते बरोबर निघालं. त्या मागून काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर फोनवर बोलणं झालं, पण भेट नाही. पुढे ती दोघं इराच्या जवळ राहायला डनेडिनला गेली.

त्यामुळे मला शेवटचे दिसतात ते त्या निघायच्या सकाळचे. नितीनने गाडी सुरू केली होती, आम्ही कोपऱ्याकडे निघालो होतो आणि एवढ्यात दादा मागून धावत येताना दिसले, हात हलवत. गाडी थांबवली. ते माझ्या खिडकीशी वाकले, धाप लागली होती. मला वाटलं केगचं काही राहिलं असेल. म्हणाले, मागचं डावं टायर बसकं दिसतंय, वाटेत टाउपोला हवा बघून घ्या. नितीनने हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा वाकून टायरकडे पाहिलं आणि मग गाडीच्या छतावर थाप मारली, निघा म्हणून.

आम्ही निघालो. आरशात ते भर रस्त्यात उभे होते. त्यांच्या मागून एक गाडी येत होती. तिने वेग कमी केला, हॉर्न वाजवला. मेधावहिनी धावत आल्या आणि त्यांनी दादांच्या कोपराला धरून त्यांना फुटपाथकडे ओढलं. ते ओढले गेले, पण मागे वळून त्यांनी काही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष आमच्या टायरकडेच होतं.